पुढं धावायचा हिवाळा

जून संपत आला की लातूरच्या या भागात गाद्या उतरू लागतात. रिक्षातून, टेम्पोतून, एसटीच्या टपावरून. गाद्यांमागं बादल्या, टेबलफॅन, शेगडी, आणि शेवटी एक गप्प मुलगा किंवा मुलगी. क्लासच्या नव्या बॅचा सुरू व्हायच्या असतात. गेल्या वर्षी आमचीही गादी अशीच उतरली. माझी मुलगी ईशा डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते, म्हणून नांदेडच्या शाळेतली माझी नोकरी बिनपगारी रजेवर टाकून मी तिच्यासोबत इथं खोली करून राहिले. नवरा नांदेडलाच. दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खोलीला एक खिडकी आहे. ती उघडली की पलीकडच्या इमारतीची भिंत दिसते. हात लांब केला तर लागेल इतकी जवळ.

ईशा पहाटे क्लासला जाते, दुपारी जेवायला येते, पुन्हा जाते. मधल्या वेळात मी काय करते? डबा, धुणं, भाजी. या मजल्यावर माझ्यासारख्या चारपाच आया आहेत. एकमेकींची नावं आम्हाला धड माहीत नाहीत. मी "ईशाची मम्मी" आणि शेजारची "वेदांतची मम्मी". जिन्यात भेटलो की टेस्टमध्ये कुणाला किती पडले तेवढंच बोलायचं. आवाजसुद्धा हळू, कारण प्रत्येक दाराआड कुणीतरी पाठ करत असतं.

जूनअखेर आणखी एक गोष्ट येते. इंग्लंडात गवतावरचं टेनिस सुरू होतं. मी ते मोबाइलवर बघते, आवाज बंद करून. यंदा एकदा असंच बघत होते आणि नजर खेळाडूंवरून घसरून गवतावर गेली. स्पर्धा संपत आली होती. कोर्टाच्या मागच्या टोकाला, बेसलाइनवर, गवत झिजून माती वर आली होती. पण नेटपाशी ते पहिल्या दिवसासारखं हिरवंगार. तिथं कुणी पाऊलच टाकलं नव्हतं.

आमच्या लहानपणी उलटं होतं. तेव्हा सर्व्ह केली की खेळाडू तिच्यामागोमाग नेटकडं धावत सुटायचा आणि परत आलेला चेंडू टप्पा पडायच्या आतच हवेत मारायचा. सर्व्ह अँड व्हॉली. एक घाव, दोन तुकडे. स्पर्धेच्या शेवटी नेटसमोरचं गवत टक्कल पडल्यासारखं व्हायचं. आता दोघंही मागं उभे राहतात आणि कुणीतरी चुकेपर्यंत चेंडू इकडून तिकडं जात राहतो. चांगलंच खेळतात, जुन्यांपेक्षा बळकटच. पण बघता बघता मला खोलीत गुदमरल्यासारखं झालं. मी मोबाइल पालथा ठेवला आणि कधी नव्हे तो खिडकीशी जाऊन त्या भिंतीकडं बघत उभी राहिले.

आणि आठवला तो भूकंपानंतरचा हिवाळा. शंकरमामाचा.

*

शंकरमामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. गाव निलंग्याकडचं, घरची शेती. परभणीला शेतकी कॉलेजात शिकताना त्याला तिथल्या कोर्टावर टेनिसचं वेड लागलं. परत येऊन निलंग्यात शाळेत खेळाचा सर झाला. निलंग्यात टेनिस कुठून असणार? पोरांना कबड्डी शिकवायचा आणि सुट्टी लागली की लातूरला आमच्याकडं येऊन क्लबाच्या कोर्टावर खेळायचा. क्लब निजामाच्या वेळेपासूनचा. एकच कोर्ट, मुरमाचं, वरून शेणानं सारवलेलं. चेंडू त्यावर उसळायचा नाही, सरपटत यायचा. असल्या कोर्टावर पुढं धावणाऱ्याचं फावतं.

गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे जमीन हलली. मामाच्या गावात दगडमातीची जाड भिंतींची घरं होती, ती बसली. मामा आणि त्याचा थोरला भाऊ, ज्याला आम्ही नुसतं थोरले मामा म्हणायचो, दोघं शेजारशेजारच्या खोल्यांत झोपले होते. शंकरमामाला दुपारी लष्कराच्या जवानांनी बाहेर काढलं. थोरल्या मामांना संध्याकाळी. ते गेले होते.

आईनं शंकरमामाला लातूरला आणलं. कपाळावर पट्टी, नखांत माती. मी तेव्हा नववीत. मला वाटलं होतं तो रडेल. तो अंगणातल्या बाजेवर बसला आणि म्हणाला, "अक्का, मी आत येत नाही. इथंच बरंय."

त्यात कुणाला काही विशेष वाटलं नाही, कारण आतमध्ये कुणीच नव्हतं. त्या हिवाळ्यात सगळं लातूर घराबाहेर राहत होतं. आमच्या घराला तडे गेले होते, शेजाऱ्यांच्याही. रोज कुठंतरी जमिनीतून गुरगुर ऐकू यायची. लोकांनी अंगणात, रस्त्याच्या कडेला, मैदानात पत्र्याचे आडोसे उभे केले. चुली बाहेर, अंथरुणं बाहेर, भांडणंही बाहेर. सकाळी उठलं की पांघरुणावर दव असायचं आणि समोरच्या घरातले वकीलसाहेब मफलर गुंडाळून आमच्यासमोरच दात घासत असायचे. दुःख केवढं होतं! रोज कुणाच्या ना कुणाच्या गावाकडची बातमी यायची. तरी सांगायला संकोच वाटतो, पण आम्हा पोरांना त्या थंडीत एक मोकळेपण मिळालं होतं. "आत जा, अभ्यासाला बस," असं कुणी म्हणत नव्हतं. आतच नव्हतं.

माझे वडील अण्णा गणिताचे शिक्षक. शाळा बंद पडल्या होत्या आणि आईबाप पोरांना स्लॅबखाली बसू देत नव्हते. अण्णांनी क्लबाच्या मैदानात लिंबाखाली फळा टांगला. "पोरांचं वर्ष जायला नको," एवढाच विचार. फी नव्हती, हजेरी नव्हती. मदतीची ब्लँकेटं दिवाळीपर्यंत कोर्टावर रचून ठेवलेली होती, ती हलली आणि कोर्ट मोकळं झालं. एकीकडं अण्णांचं गणित आणि मधल्या जाळीपलीकडं रिकामं कोर्ट. एके दिवशी मामा उठला, हातात झाडू घेतला आणि कोर्ट झाडू लागला. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मंजू, ये. उगं बसून काय करायलीस?"

अण्णांनी फळ्यावरून मान वळवली. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "जा. त्याला सोबत होईल."

*

त्यानं मला एकच खेळ शिकवला. सर्व्ह कर आणि नीघ.

"चेंडू कुठं पडला ते बघत उभं राहायचं न्हाई. हात खाली यायच्या आत पाय सुटला पाहिजे."

"पण चुकली तर?"

"चुकली तर चुकली. पुढं तर गेलीस."

मामा स्वतः खेळायचा तेव्हा त्याचं धावणं बघण्यासारखं असायचं. लुंगी सोडून खाकी हाफ पँट, पायात कॅनव्हासचे बूट, आणि सर्व्ह होताच असा निघायचा की जणू मागून कुणी ढकललं. नेटवर तो खुशीत असायचा. एरवी दिवसभर न बोलणारा माणूस तिथं हसायचा. अण्णांच्या वर्गातली पोरं समीकरण सोडून बघत बसायची आणि अण्णाही खडू हातात धरून थोडा वेळ बघायचे. शेणानं सारवलेल्या कोर्टाचा वास, लिंबाच्या वाळक्या पानांचा वास, पत्र्यावर भाजणाऱ्या ज्वारीच्या भाकरीचा वास. अजून कुणाच्या अंगणात शेण कालवलेलं दिसलं की माझी पावलं आपोआप हलकी होतात.

मधूनच हादरा यायचा. सगळे उभे राहायचे, आडोशातले कुत्रे भुंकायचे. मामा नेटला घट्ट धरून उभा राहायचा, चेहरा पांढरा. हादरा गेला की म्हणायचा, "चल, सर्व्ह कर."

संक्रांतीच्या आसपास नांदेडला शाळांच्या विभागीय स्पर्धा होत्या. मामा मला घेऊन गेला. अण्णाही आले, लिंबाखालच्या वर्गाला सुट्टी देऊन. मुलींमध्ये टेनिस खेळणाऱ्या इन मीन मूठभर, त्यामुळं दोन सामने जिंकले की फायनल. मी जिंकले. फायनलला औरंगाबादची मुलगी होती. तिच्याकडं नवी, रुंद तोंडाची हलकी रॅकेट. माझ्याकडं मामाची लाकडी. आणि नांदेडचं कोर्ट सिमेंटचं. चेंडू खांद्याएवढा उसळायचा.

मी सर्व्ह करून धावायचे आणि ती दोन्ही हातांनी चेंडू माझ्या बाजूनं असा काढायची की मला फक्त वारा लागायचा. डावीकडं झेपावले तर उजवीकडून. जवळ गेले तर डोक्यावरून. पहिला सेट बघता बघता गेला. बाजू बदलताना मी जाळीशी आले. मामा पलीकडं उकिडवा बसला होता.

"मामा, मागं राहू का?"

तो काडीनं जमिनीवर रेघा ओढत होता. मग म्हणाला, "तुला काय वाटायलंय?"

"मागं राहिले तर हरणार नाही असं वाटतंय."

"मंग राहा की."

मी मागं राहिले. नुसतं परत करायचं, बस्स. ती मारेल, मी परत करेन. मी मारेन, ती परत करेल. ऊन डोक्यावर आलं. तळहाताला फोड आले. चेंडू तोच, रेघ तीच, पाय त्याच हातभर जागेत. ती थकली आणि चुकू लागली. मी जिंकले. हस्तांदोलन करताना लक्षात आलं की मला जिंकल्याचं काहीच वाटत नाहीये. कुणीतरी खोलीचं दार उघडून "झालं, ये आता बाहेर" म्हणावं तसं फक्त सुटल्यासारखं वाटलं.

अण्णा मात्र इतके खूश कधी झाले नव्हते. "बघितलंस? स्वतः चूक करायची नाही. समोरच्याला करू द्यायची. परीक्षेतही हेच असतं, बेटा."

"खरं हाय, दाजी," मामा म्हणाला. मनापासून म्हणाला. मला उगाच वाटत होतं की त्याला वाईट वाटलं असेल.

परतीच्या एसटीत अण्णा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसले होते. मामा आणि मी मागं. तो म्हणाला, "आता पुढं समदे असंच खेळतील बघ. रॅकेट असल्या आल्यात की कुठूनबी चेंडू परत येतो. पुढं जाणाऱ्याचं मरण हाय."

"मग तुम्ही का जाता?"

खिडकीबाहेर हरभऱ्याची शेतं चालली होती. तो तिकडं वळला. मग एकदम, जणू शेतांनाच सांगावं तसं, बोलू लागला.

"मागच्या रेघेवर उभारलो ना, की पाठीला भिंत लागल्यावानी होतंय. त्या दिवशी मला हात हलवता येत नव्हता. तोंडापुढं दगड. थोरला पलीकडून बोलत होता. शंकऱ्या, पाणी हाय का रं, म्हणायचा. लई जवळ होता. अन् मला त्याच्याकडं वीतभरसुद्धा सरकता येईना." त्यानं पालथ्या हातानं तोंड पुसलं. "मंग त्याचा आवाज बारीक होत गेला. मी इथूनच म्हणायचो, हाय, दादा, पाणी हाय, आणतो. कुठलं आणतो? तवापासून पुढं जागा दिसली की मला थांबवतच न्हाई."

मी त्याच्या हातावर हात ठेवला. हात थंडगार होता.

*

उन्हाळ्यापर्यंत लोक हळूहळू घरात गेले. तडे लिंपले, नवे कॉलम उभे केले. अण्णांच्या लिंबाखालच्या वर्गाचा निकाल असा लागला की जूनमध्ये बाहेरगावची पोरं पत्ता विचारत आली. मैदानात किती जणांना बसवणार? अण्णांनी बाजारपेठेत एक हॉल घेतला. वर स्लॅब, पुढं शटर, आत बाकांच्या रांगा. त्यांच्यासारखेच आणखी पाचसहा जण हॉल घेऊन बसले. पाहता पाहता गल्लीच्या गल्ली क्लासची झाली. ज्या गावाचं नाव सांगितलं की लोक हळहळायचे, त्या गावाचं नाव सांगून आता लोक पोरांना धाडू लागले. यात अण्णांचा काही दोष आहे असं मला कधी वाटलं नाही. त्यांनी पुष्कळ पोरांचं भलं केलं. सोयाबीनच्या रानातून आलेली पोरं डॉक्टर होऊन त्यांच्या पाया पडायला येत.

पुण्याला माझी पुढची स्पर्धा होती. अण्णा म्हणाले, "दहावीचं एकच वर्ष थांब." मी थांबले. मग अकरावी आली, बारावी आली. रॅकेट माळ्यावर गेली आणि तिच्या दोऱ्यांना उंदीर लागले.

त्या हॉलमधलं एक दृश्य मला विसरता येत नाही. पहिल्या वर्षी वर्ग चालू असताना हादरा आला तेव्हा आम्ही सगळे बाकांवरून उड्या मारत रस्त्यावर आलो होतो. चपला आत, वह्या आत. पुढच्या वर्षी पुन्हा आला. अण्णांनी खडू थांबवला. सगळ्यांनी वर पाहिलं. पंखा हलत होता. उठलं कुणीच नाही. पंखा स्थिर झाला तसे अण्णा म्हणाले, "हं, तर एक्सची किंमत काय आली?" आणि शंभरेक माना खाली गेल्या. माझीही गेली.

मामा तोवर गावाकडं परतला होता. सरकारनं जुन्या गावापासून दूर नवं गाव वसवलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. मामाला घर मिळालं, भूकंपातही न पडणारं. तो त्याच्या ओसरीत राहू लागला. बिऱ्हाडाचं सामान आत आणि माणूस बाहेर. लग्न केलं नाही. आईनं लई समजावलं. तो म्हणायचा, "अक्का, कुणाच्या लेकीला मी ओसरीत झोपवू?"

*

त्यानंतरच्या रविवारी टेस्ट देऊन ईशा आली आणि न जेवता गादीवर आडवी झाली. म्हणाली, "आई, मला आज कुठंतरी ने. कुठंही. फक्त इथं नको."

मी खोलीला कुलूप घातलं आणि आम्ही निलंग्याची गाडी धरली. पुढं जीपनं मामाच्या गावात. ईशानं त्याला लग्नाकार्यात एकदोनदाच पाहिलेलं. तो शाळेच्या मैदानावर होता. चुन्याच्या फक्कीनं आखलेलं कोर्ट, बांबूला बांधलेली मासे धरायच्या जाळ्याची नेट, आणि गावातल्या चारपाच मुली. मामाचे केस पिकलेत, एक गुडघा वाकत नाही. मला बघून म्हणाला, "आलीस? बरं केलंस," जणू मी कालच गेले होते.

त्यानं ईशाच्या हातात रॅकेट दिली. तिनं आयुष्यात कधी धरली नव्हती. ती आपोआप मागच्या रेघेवर गेली आणि तिथंच खेळू लागली. जमेल तो चेंडू शांतपणे परत करायची. मी वाट बघत होते, आता हा म्हणेल, "पुढं ये, पोरी." तो म्हणालाच नाही. नुसता चेंडू टाकत राहिला. ईशा हसत होती. पुष्कळ दिवसांनी.

चहाला ओसरीत बसलो तेव्हा मी विचारलं, "मामा, तिला पुढं का बोलावलं नाही?"

"का बोलावू?"

"मला तर मागं थांबूच द्यायचे नाहीत तुम्ही."

त्यानं कप खाली ठेवला. "मंजू, मी भ्यानं पळत होतो गं. तू माझ्याकडं बघून पळायलीस. तिला मागं बरं वाटतंय तर राहू दे मागं. तिच्या पाठीला कुठं भिंत हाय?"

इतकी वर्षं मी मनात धरून होते की मला मागं खेचलं गेलं, माझा खेळ माझ्याकडून काढून घेतला गेला. आणि तो खेळ मुळात माझा नव्हताच, एका माणसाची भीती होती, असं तो माणूस चहा पिता पिता सांगत होता.

परतीच्या गाडीत ईशा खिडकीशी बसली होती. औशाच्या पुढं आल्यावर ती म्हणाली, "आई, एक बोलू? रागावू नको."

"बोल की."

"तू नांदेडला जा. मी मुलींच्या हॉस्टेलवर राहते."

"का? माझं काही चुकलं?"

"नाही गं. मला अभ्यास जमतो. आवडतोसुद्धा. पण घरी आले की तू दारात बसलेली असतेस. माझं तोंड बघून तुला कळतं पेपर कसा गेला, आणि तुझं तोंड बघून मला. आज टेस्टमध्ये प्रश्न वाचत होते आणि समोर तूच दिसत होतीस, दारात बसलेली." तिनं माझा दंड धरला. "मला तिथं कोंडल्यासारखं होतं ते क्लासमुळं नाही, आई."

मी हो म्हणाले. आठवड्यात हॉस्टेलची सोय झाली. तिथल्या खोलीत तिघी मुली होत्या, त्यांनी हसून ईशाची बॅग आत ओढून घेतली. आमची गादी गुंडाळून मी बसस्टँडवर आले. ईशा सोडायला आली होती. पण सारखी घड्याळ बघत होती, क्लासला उशीर होत होता तिला. कंडक्टरनं डबल बेल दिली. तिनं हात हलवला आणि वळून भराभरा चालू लागली. गर्दीत तिची निळी ओढणी थोडा वेळ दिसली, मग कुठली निळी कुणाची, कळेना.

गाडीनं गाव सोडलं. नांदेडला घर होतं, नोकरी होती, गच्ची होती, संध्याकाळी वाट बघणारा माणूस होता. मला कुणी अडवलं नव्हतं. चाकूर मागं पडल्यावर शेजारची म्हातारी म्हणाली, "बाई, सोडा की आता. गाडी काय पळून जाणार हाय?"

मी खाली पाहिलं. लातूर सुटल्यापासून मी खिडकीचा गज दोन्ही हातांनी धरून बसले होते. बोटं एकेक करून सोडवावी लागली. तळव्यांवर लाल वळ उठले होते. ते अहमदपूर आलं तरी गेले नव्हते.